आजीची सायकल

एकेकाळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळी आजी सायकलवरून शाळेत शिकवावयास जात असे. तिच्या सायकलीला मधली आडवी दांडी नव्हती आणि पातळाचा घोळ अडकू नये म्हणून मागच्या चाकास जाळी लावलेली होती. आजी निवृत्त झाली, तशी ती सायकल जिन्याखाली जाऊन पडली. वर्षांमागून वर्षे गेली. अखेर घरातील मंडळींनी ती भंगारात देण्याचे ठरविले.

नातीची शाळा घरापासून तीन किलोमीटर दूर होती. ती म्हणाली, "आजी, ही सायकल मला दे ना!"

"दिली! पण तिला चालती करण्याचे कष्ट तुझे," आजी म्हणाली.

रविवारी काम सुरू झाले. प्रथम दोघींनी सांगाड्याचे सांधे निरखून पाहिले. सांधा तडकलेला असेल, तर पुढील सारी मेहनत व्यर्थ! सुदैवाने सांधे शाबूत होते. मग साखळी रॉकेलमध्ये भिजवून ब्रशाने घासली. गंज सुटला, एकेक कडी वळू लागली. साखळी कोरडी करून तिला तेल दिले. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात धरली. जेथून बुडबुडे आले, तेथे ठिगळ लावले. टायर मात्र चिरफळले होते. ते नवे घ्यावे लागले. आसाभोवतीच्या छऱ्यांतील ग्रीस वाळले होते. ते काम सायकल दुकानदाराने केले आणि सैल तारा आवळून चाकाचा बाकही काढला.

काम करता करता आजी म्हणाली, "दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली बनविली. १८८८ साली जॉन डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तेव्हापासून आजवर हिची मूळ ठेवण फारशी बदललेली नाही."

संध्याकाळी सायकल चकाकू लागली. नात अंगणात फेरी मारावयास निघाली. तिने ब्रेक दाबला. पण सायकल थांबेना! ती थेट तुळशीवृंदावनावर आदळली. नातीचा गुडघा खरचटला.

आजीने चाकाच्या धावेवरून बोट फिरविले. बोटास तेल लागले. चकाकी यावी म्हणून नातीने तेलाचा बोळा धावेवरूनही फिरविला होता.

"ब्रेकचे रबर धावेला घासते, म्हणून चाक थांबते. मध्ये तेल आले की ते निसटते. तेल साखळीला हवे, धावेला नको. हे अंगणात कळले म्हणून बरे. उतारावर कळले असते तर?"

नात काही बोलली नाही. तिने दोन्ही धावा साबणाच्या पाण्याने धुतल्या, ब्रेकची झिजलेली रबरे बदलली आणि सायकल जागच्या जागी थांबते की नाही, हे दहा वेळा तपासून पाहिले.

सोमवारी ती सायकलवरून शाळेस निघाली. आजी दारात उभी होती. वळणाशी ब्रेक लागला, सायकल थांबली, आणि मगच आजी घरात वळली.

शब्दार्थ : घोळ – वस्त्राचा खालचा घेर. शाबूत – न मोडलेला. धाव – चाकाची बाहेरची धातूची कडा. ठेवण – रचना.

स्वाध्याय
१. दोघींनी सर्वांत आधी सांधे का तपासले?
२. ब्रेक दाबूनही सायकल का थांबली नाही?
३. "हे अंगणात कळले म्हणून बरे," असे आजी का म्हणाली?
४. घरातील एखादी जुनी वस्तू तुम्ही कशी उपयोगात आणाल, ते दहा ओळींत लिहा.