फिजिओथेरपीला जाताना फाईल घरी ठेवू नका

"डॉक्टर, खांद्याला नुसता शेक घ्यायचाय. त्याला हृदयाची फाईल कशाला?" दवाखान्यात हा प्रश्न मी सतत ऐकतो. हा समज डोक्यातून काढून टाका.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना पेसमेकर बसवलेला आहे. खांदा आखडला म्हणून त्या फिजिओथेरपीला गेल्या, फाईल मात्र कपाटातच राहिली. शेकाचं यंत्र लावायला पदर बाजूला केला, तेव्हा फिजिओथेरपिस्ट मुलीला कॉलरबोनखाली छोटा उंचवटा दिसला. तिनं यंत्र बाजूला ठेवलं आणि मला फोन केला. त्या यंत्रातल्या शॉर्टवेव्ह डायथर्मीच्या लहरींनी पेसमेकरच्या कामात बिघाड होऊ शकतो. तिची नजर चौकस होती म्हणून निभावलं.

पेसमेकर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडं, पूर्वी झालेला कर्करोग, शरीरात बसवलेली धातूची पट्टी, मधुमेहानं बधिर झालेले पाय, यातलं काहीही असलं तर उपचार बदलावे लागू शकतात. बधिर पायाला चटका बसतोय हेच कळत नाही. उलट, पायातली ताकद कमी होतेय हे वरचेवर भेटणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आधी येतं. ती नोंद डॉक्टरांपर्यंत यायलाच हवी.

त्यासाठी आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आभा (आरोग्य खाते) क्रमांक मिळतो. तो घेणं ऐच्छिक आहे. पण नुसतं कार्ड काढून भागत नाही. दवाखान्यानं तुमच्या नोंदी त्याला जोडाव्या लागतात आणि त्या दुसऱ्याला दाखवायला तुमची संमती लागते. कोणत्या नोंदी, किती काळ, हे तुम्ही ठरवता. संमती मागेही घेता येते. त्यामुळे "माझा आजार गावभर होईल" ही भीती नको. मात्र फोनवर कुणालाही ओटीपी सांगू नका. जिथे ही सोय नाही, तिथे डिस्चार्ज कार्डची सगळी पानं न्या. पहिल्याच पानाचा फोटो पाठवून मोकळे होऊ नका. गोळ्यांची यादी पुढच्या पानांवर राहून जाते.

आणि मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून मानेला झटके देणं, कुणाकडून तरी कंबर 'बसवून' घेणं कृपया थांबवा. तिथे काय केलं याची नोंदच कुठे राहत नाही; बिघडलं की आम्ही अंदाज बांधत बसतो.

ही लक्षणं दिसली तर फाईल शोधत बसू नका, तडक रुग्णालय गाठा: कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा तिचा ताबा सुटणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पाऊल अचानक उचलता न येणं, शस्त्रक्रियेनंतर एकाच पोटरीला सूज, अचानक दम लागणं. रात्री झोपू न देणारी पाठदुखी, सोबत ताप किंवा घटतं वजन असेल, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

एरवी घाबरण्यासारखं काही नाही. योग्य फिजिओथेरपीनं माणसं पुन्हा हिंडूफिरू लागतात. पहिल्याच भेटीत आजार, शस्त्रक्रिया, चालू गोळ्या सगळं सांगा आणि डॉक्टरांकडे येताना फिजिओथेरपिस्टची नोंद मागून आणा.