घरगुती केकसजावट : साखर, लोणी आणि हवा

केक भाजणे आणि केक सजविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. भाजण्याचे काम भट्टीच्या बंदिस्त उष्णतेत होते. तेथे बाहेरच्या हवेचा फारसा संबंध येत नाही. सजावट मात्र उघड्यावर होते, आणि केक घरातून निघून रिक्षातून वा दुचाकीवरून समारंभाच्या जागी पोहोचेपर्यंत तिला त्या दिवशीच्या हवेला तोंड द्यावे लागते. छंद म्हणून हे काम आरंभून पुढे त्यातून चार पैसे मिळवू पाहणाऱ्याचे पहिले मोठे नुकसान बहुधा येथेच होते. कृतीत चूक नसते; ती कृती ज्या हवेसाठी लिहिली गेली ती हवा येथे नसते, एवढेच.

केक आपल्याकडे परका असला तरी नवा नाही. केरळातील तलश्शेरी येथे मंबल्ली बापू यांनी मर्डॉक ब्राउन या मळेवाल्यासाठी १८८३ साली नाताळचा केक केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सजावटीची पद्धतशीर विद्या मात्र मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतून आली. शिकागो येथे ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी १९२९ मध्ये तिचे वर्ग सुरू केले, आणि जोसेफ लँबेथ यांचा या विषयावरील ग्रंथ १९३४ मध्ये निघाला. अशा ग्रंथांत ‘खोलीच्या तापमानाचे लोणी घ्यावे’ असे लिहिलेले असते. तेथील खोली म्हणजे सुमारे २० अंश सेल्सिअस. नागपूरच्या मे महिन्यात ही सूचना शब्दशः पाळणाऱ्यास वाटीत लोण्याऐवजी तेलच सापडेल.

सजावटीचा मुख्य पदार्थ साखर होय, आणि साखरेचा स्वभाव म्हणजे पाण्याची ओढ. सामान्य तापमानास एक लिटर पाण्यात सुमारे दोन किलोग्रॅम साखर विरघळते. हीच ओढ हवेतील बाष्पाच्या बाबतीतही दिसून येते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत शुद्ध साखरेचे स्फटिक कोरडे राहतात; त्यावर गेली की ते बाष्प शोषून पाझरू लागतात. ग्लुकोज वा मध मिसळलेली साखर त्याहूनही आधी ओलावते. म्हणून नागपुरात उन्हाळ्यात साखरेचे फूल पाहता पाहता वाळून कडक होते, आणि तेच फूल आषाढात रत्नागिरीस, कोचीस किंवा मुंबईस रात्रभर उघडे ठेवले तर सकाळी मान टाकते. पावसाळ्यात अशी फुले आधी करून ठेवावयाची असल्यास ती घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी सिलिका जेलची पुडी ठेवून, जपावी.

‘रॉयल आयसिंग’ म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि बारीक साखर यांचे घोटलेले मिश्रण. एका अंड्याच्या पांढऱ्या भागास, म्हणजे सुमारे ३० ग्रॅमला, २०० ते २२५ ग्रॅम साखर लागते. घोटताना प्रथिनांचे रेणू उलगडून हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. भांड्यास तुपाचा हात लागलेला असेल किंवा पिवळ्या बलकाचा थेंब पडला असेल, तर स्निग्धांश या पडद्यात शिरून तो फोडतो व फेस चढत नाही. घरी दळलेली पिठीसाखर तलम वस्त्रातून दोनदा चाळली पाहिजे. एखादा जाड कण नोझलच्या तोंडाशी अडकला की रेघ तुटते, आणि ती तुटलेली रेघ नंतर कशानेही लपत नाही.

येथे एक धोका लक्षात घ्यावा. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हे रोगजंतू असू शकतात. आयसिंगमधील साखर पाणी इतके बांधून ठेवते की जंतूंची वाढ होत नाही. पण वाढ न होणे आणि मरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध खाणार असलेल्या केकवर कच्चे अंडे वापरणे योग्य नव्हे. पाश्चरीकृत अंड्याची भुकटी वापरावी, किंवा पांढरा भाग साखरेसह गरम पाण्याच्या भांड्यावर सतत ढवळीत ७१ अंशांपर्यंत तापवून मग घोटावा. बोटाला ‘चांगले गरम’ लागणे म्हणजे ७१ अंश नव्हे. स्वयंपाकाचा तापमापक ही या धंद्यातील पहिली खरेदी असावी, फिरता पाट दुसरी. अंडे न खाणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी काबुली चणे शिजविलेले पाणीही घोटल्यास फेसाळते. हा शोध २०१४ मध्ये फ्रान्समध्ये लागला. अंड्याविना केलेल्या रॉयल आयसिंगचे भारतातील प्रसिद्ध काम पुण्याच्या प्राची धबल देब यांचे आहे.

लोण्याच्या आयसिंगचा प्रश्न निराळा. लोणी हा एकच पदार्थ नसून निरनिराळ्या तापमानांस वितळणाऱ्या स्निग्धांचे मिश्रण आहे. २० अंशांच्या आसपास ते वळविता येते. ३० अंशांस त्याचा बहुतेक भाग द्रवरूप झालेला असतो. ३५ च्या पुढे आकार धरण्याजोगे काहीच उरत नाही. घरी घुसळलेल्या पांढऱ्या लोण्यात ताकाचा अंश अधिक असल्याने ते खाण्यास कितीही गोड असले तरी या कामी टिकत नाही. वनस्पतिजन्य स्निग्धाचे फेटलेले क्रीम उन्हाळ्यात अधिक तग धरते, म्हणून बाजारात त्याचाच प्रसार आहे. हायड्रोजनीकृत तेलांतील ट्रान्स-स्निग्धाम्ले हृदयास घातक असल्यामुळे भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व स्निग्धांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर मर्यादित करण्यात आले. तरी असे क्रीम घेताना वेष्टनावरील मजकूर वाचावा.

मग केक शीतकपाटात ठेवला की झाले, असे वाटणे साहजिक आहे. परंतु हवा ३० अंशांची व आर्द्रता ८० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. चार अंशांचा केक अशा हवेत आणताच त्यावर, थंड पाण्याच्या तांब्यावर जमतात तसे, थेंब जमतात. लोण्याच्या आयसिंगला त्याने फारसे बिघडत नाही; साखरेच्या लाटलेल्या आवरणावर मात्र डाग पडतात आणि गडद रंग ओघळतात. उपाय सोपा आहे. केक बंद खोक्यासह बाहेर काढावा आणि खोका केक पुरेसा उबदार होईपर्यंत उघडू नये. म्हणजे दव खोक्यावर पडते. गिऱ्हाइकाला हे सांगून ठेवावे लागते, कारण खोका हाती येताच उघडण्याची घाई सर्वांनाच असते.

रंगांच्या बाबतीत सवलत नाही. ‘खाद्य’ असा स्पष्ट उल्लेख नसलेला रंग कितीही तेजस्वी दिसला तरी घेऊ नये. कापड रंगविण्याचे रोडामाइन-बी आढळल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूत साखरेच्या कापसावर, म्हणजे ‘म्हातारीच्या केसां’वर, बंदी आली. चमकीचेही तसेच; ‘विषारी नाही’ आणि ‘खाण्यायोग्य’ यांत फरक आहे.

विक्री सुरू झाली की घरचे स्वयंपाकघर कायद्याच्या दृष्टीने अन्नव्यवसाय ठरते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये लहान उत्पादकासही नोंदणी आवश्यक आहे, आणि अंडे घातलेल्या केकवर शाकाहाराचे हिरवे चिन्ह लावता येत नाही.

किंमत ठरविताना बहुतेकांची चूक एकच असते. उदाहरणादाखल एका केकला साहित्य ४५० रुपये, खोका व पाया ७० रुपये, वीज व गॅस ४० रुपये लागले असे धरू. हे ५६० होतात. केक ९०० रुपयांस विकला की ३४० रुपये सुटले असे मानले जाते. पण फुले, बाजारहाट आणि भांडी घासणे धरून त्यावर सहा तास गेले असतील, तर तासाला ५७ रुपयेही पडले नाहीत. त्यातून वाटेत कोसळलेला एखादा केक वजा केला म्हणजे उरते किती? छंद असेल तेथवर हा हिशेब करू नये, त्यात आनंदाला बाधा येते. धंदा करावयाचा असल्यास तो पहिल्याच मागणीपूर्वी करावा.

त्याच वेळी आणखी एक प्रयोग करून पाहावा. ज्या आयसिंगची विक्री करावयाची त्याची दोन फुले एका पुठ्ठ्यावर काढून, खोक्यात घालून, भर दुपारी पोहोचविण्याच्या नेहमीच्या वाटेने नेऊन आणावीत. निघतानाची व परतण्याची वेळ, तापमान आणि फुलांची स्थिती वहीत टिपून ठेवावी. मे, जुलै आणि डिसेंबर अशा तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या, की कोणत्या ऋतूत कोणती मागणी घ्यावी आणि कोणती नाकारावी हे त्या वहीतच सापडते.