पोट साफ न होणे आणि थायरॉइड

मी डॉक्टर नाही. बँकेत लिपिक आहे आणि पदवी कला शाखेची. तरीही स्मरणिकेसाठी हा विषय घेतला, कारण घरातल्या एका आजाराने मला पुस्तके चाळायला आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारायला लावले. माता-भगिनींनी व विद्यार्थ्यांनी हा लेख अवश्य वाचावा, ही विनंती.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. सात-आठ वर्षे तिची एकच तक्रार होती, पोट साफ होत नाही. तीन-तीन दिवस शौचास होत नसे. पोट फुगलेले, जेवलेले अन्न तिथेच बसून राहिल्यासारखे वाटे. रात्री चूर्ण, कधी एरंडेल. चूर्णाचा डबा दर महिन्याला मीच नेऊन देत असे. पुढे वजन वाढले, केस गळू लागले, पंख्याखाली बसवेना, भरदुपारी डोळा लागू लागला. हिला कामाचा आळस आला, असे घरात बोलले जाई. बोलणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. शेवटी आवाज घोगरा झाला तेव्हा एका डॉक्टरांनी रक्ताची तपासणी सांगितली आणि थायरॉइडचा स्राव कमी पडत असल्याचे निघाले.

थायरॉइडला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढच्या भागात, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही लहानशी ग्रंथी असते. तिचा स्राव रक्तातून सर्वत्र जातो आणि शरीराच्या कामांची गती ठरवतो. हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, मासिक पाळी आणि आतड्यांची हालचाल, सगळे त्यात आले. आतडी लाटेसारखी आकुंचन पावत अन्न पुढे ढकलतात. स्राव कमी पडला की या लाटा मंदावतात. जठरातून अन्न उशिरा उतरते, म्हणून जडपणा. मोठ्या आतड्यात मळ जास्त वेळ रेंगाळतो, तेथे त्यातील पाणी शोषले जात राहते आणि तो कडक होतो. याउलट स्राव जास्त झाला तर वारंवार शौचास होते आणि खाऊनही वजन उतरते.

तपासणीच्या कागदाविषयी एक घोटाळा नेहमी होतो. टीएसएच वाढले म्हणजे थायरॉइड वाढले, असे लोक समजतात. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेले काम करण्याचे फर्मान आहे. आमच्या बँकेत एखाद्या शाखेचे काम तुंबले की मुख्य कार्यालयाकडून स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे येतात, तसेच हे. स्मरणपत्रे वाढली याचा अर्थ बहुधा शाखेत काम कमी होत आहे.

मात्र पोट साफ न होणाऱ्या प्रत्येकाला थायरॉइडचा विकार असतो, असे मुळीच नाही. पाणी कमी पिणे, भाजीपाला कमी खाणे, बैठे काम, मधुमेह, काही औषधे, ही कारणे फार आढळतात. पण बद्धकोष्ठतेच्या जोडीला थकवा, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, चेहऱ्यावर सूज, पाळीत जास्त रक्तस्राव यांपैकी काही असेल, तर तपासणी करून घ्यावी. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो, आणि स्त्रियांच्या थकव्याला आळस म्हणण्याची सवय आपल्या घरांत आहेच. मळातून रक्त जात असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा उतारवयात शौचाची सवय एकाएकी बदलली असेल, तर थायरॉइडवर विसंबून न राहता लगेच डॉक्टरांकडे जावे.

पूर्वी या विकारावर उपाय नव्हता. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टराने ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क दिला. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. आज थायरॉक्सिनची बारीक गोळी मिळते, पण ती घेण्याची पद्धत चुकली तर गुण येत नाही. गोळी पोटातूनच शोषली जाते, म्हणजे येथे पोट उलट थायरॉइडच्या उपचाराच्या आड येते. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने करावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. आक्का तिन्ही गोळ्या एकदम चहाबरोबर घेत होती! त्यात लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठता वाढते ती वेगळीच. इसबगोल आणि आम्लपित्तावरची औषधेही गोळीच्या शोषणात अडथळा आणू शकतात, म्हणून जे जे घेत असू ते सर्व डॉक्टरांना सांगावे, चूर्णसुद्धा.

मात्रा ठरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नये. गर्भवती भगिनींनी तर दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे, कारण त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते. आक्काला अडीच महिन्यांत फरक पडला. आवाज सुधारला, दुपारची झोप गेली. पोट अजूनही कधीकधी कुरकुरते, तेव्हा ती भाकरीबरोबर पालेभाजी वाढवते आणि संध्याकाळी चालायला जाते. चूर्ण आणायला मात्र तिने मला सांगितलेले नाही.