गुरुवारच्या सुट्टीत गेम घेताना

पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. प्लेस्टेशन स्टोअरवरचे सेल बहुधा बुधवारी बदलतात, एक्सबॉक्सचे मंगळवारी. म्हणजे सुट्टीला दोन्हीकडचे नवे भाव हजर. तरी घाईनं पैसे भरू नका.

आधी खात्याचा देश बघा. प्लेस्टेशनचं खातं उघडताना निवडलेला देश पुढं बदलता येत नाही. कुणी स्वस्ताईसाठी परदेशी खातं उघडून दिलं असेल, तर आपलं कार्ड तिथं चालेलच असं नाही. एक्सबॉक्सवर देश बदलतो, पण तीन महिन्यांतून एकदाच. निन्टेन्डोचं भारतासाठी अधिकृत ई-शॉपच नाही; स्विचवाल्यानं परदेशी गिफ्ट कार्डाचा खर्च धरूनच हिशेब मांडावा.

मग भाव लावा, पण एकाच आवृत्तीचे. सेलमध्ये डिलक्सवरची मोठी सूट डोळ्यांत भरते आणि साधी आवृत्ती तरीही स्वस्त असू शकते. तोच गेम आपण भरत असलेल्या गेम पास किंवा पीएस प्लस एक्स्ट्राच्या वर्गणीत असेल, तर वेगळा घ्यायचं कारण काय? एक्सबॉक्सच्या गेमवर ‘प्ले एनीव्हेअर’ लिहिलं असेल तर तो विंडोज संगणकावरही चालतो. घरी चांगला पीसी असेल तर हे वजनात धरा.

आता डाउनलोड. मोठा गेम सहज १०० जीबीचा. १०० एमबीपीएसच्या फायबरवर तो साधारण सव्वादोन तासांत उतरतो. चाकणच्या भाड्याच्या खोलीत रोज २ जीबीच्या मोबाइल हॉटस्पॉटवर? ५० दिवस! जागाही मोजा: एक्सबॉक्स सिरीज एसच्या ५१२ जीबीतली वापरायला साधारण ३६४च मिळते.

परताव्याची अट पैसे भरण्याआधी वाचा. प्लेस्टेशनवर १४ दिवसांची मुदत आहे, पण डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे हक्क संपतो. म्हणून ऑटो-डाउनलोड बंद ठेवा. एक्सबॉक्सवरही मुदत १४ दिवसांचीच. मात्र फार खेळून झालं असेल तर परतावा नाकारला जातो.

जुना कन्सोल स्वस्तात मिळत असेल तर स्टोअर चालू आहे का, ते तपासा. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यूवरची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबली, एक्सबॉक्स ३६०चं स्टोअर २९ जुलै २०२४ रोजी बंद झालं.

सीडी खेळून झाली की विकता येते, डाउनलोड विकता येत नाही. ज्याच्या कन्सोलला ड्राइव्ह आहे, त्यानं एकदाच खेळायचे मोठे गेम सीडीवर घ्यावेत. स्टोअर छोट्या गेमांसाठी आणि खऱ्या सेलसाठी ठेवावं.