शाळेचे दुसरे सत्र आणि कोयत्याचा हंगाम

वाचन : अनुवाद ६:४-९, लूक २:४१-५२



जूनच्या मध्यावर सुरू झालेले शाळेचे पहिले सत्र आता संपत आले आहे. सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, आणि सुट्टीनंतर दुसरे सत्र. पण आपल्या नांदूरघाट परिसरात, किंबहुना साऱ्या केज तालुक्यात आणि बीड जिल्ह्यात, या दिवसांत आणखी एक पंचांग उघडते. मुकादम गावात फिरू लागतो, उचल घेतली जाते, टोळ्या ठरतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक व ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला निघतात. कोणी अहिल्यानगर, पुणे, साताऱ्याकडे, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र आणि कोयत्याचा हंगाम जवळजवळ एकाच दिवशी सुरू होतात आणि एकाच सुमारास संपतात.

म्हणून या रविवारच्या पाठासाठी हा विषय घेतला आहे. कॅथॉलिक प्राथमिक शाळा म्हणजे काय, तिच्या सत्रात काय काय चालते, आणि त्यात पालकांचे काम कोणते, हे आपण पाहू. मूल कॅथॉलिक शाळेत असो, जिल्हा परिषदेच्या शाळेत असो की आणखी कोणत्या संस्थेच्या, यातील बराचसा भाग सर्वांनाच लागू आहे.

सुरुवात घरापासून करावी लागते, कारण ख्रिस्तसभेची शिकवण तिथूनच सुरू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे त्यात सांगितले आहे. शाळा त्यांच्या मदतीला येते, त्यांची जागा घेत नाही. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातही हेच आहे. कलम ७९३ आईवडिलांचे कर्तव्य आणि अधिकार दोन्ही सांगते. कलम ७९६ म्हणते की पालकांनी शिक्षकांशी जवळून सहकार्य करावे आणि शिक्षकांनी पालकांचे ऐकून घ्यावे. दुसरे वाक्य आपण सहसा विसरतो. पालकसभेत आपण खाली मान घालून बसतो, गुरुजी बोलतात, आपण सही करून किंवा अंगठा उठवून परत येतो. कायद्याला तसे अभिप्रेत नाही.

त्याच जाहीरनाम्यात कॅथॉलिक शाळांसाठी एक कसोटीही दिली आहे. जे गरीब आहेत, ज्यांना घरची माया मिळत नाही, जे आपल्या श्रद्धेचे नाहीत, अशांची काळजी या शाळांनी आवर्जून घ्यावी असे ती सांगते. आपल्याकडे कॅथॉलिक शाळा म्हटली की शिस्त, गणवेश आणि इंग्रजी एवढेच डोळ्यांपुढे येते. ते वाईट नाही. पण परिषदेने कसोटी ठेवली ती दुसरीच आहे.

ही कसोटी नवी नव्हे. संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांचा जन्म १६५१ मध्ये फ्रान्समधील रीम्स शहरात सधन घरात झाला. त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी विनामूल्य शाळा काढल्या, त्या चालवण्यासाठी ब्रदरांचा संघ उभा केला आणि १७१९ मध्ये ते देवाघरी गेले. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्या काळी मुलांना आधी लॅटिन वाचायला शिकवत. त्यांनी आधी मुलांची स्वतःची भाषा, फ्रेंच, शिकवायला सुरुवात केली. मराठी शाळांची पटसंख्या घटत चालली असताना आपण यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

पण आपल्या विषयाशी जास्त जवळची गोष्ट पुढे आहे. ला साल यांनी शाळा कशी चालवावी यावर सहकाऱ्यांसाठी एक पुस्तक तयार केले. त्यात गैरहजर मुलांवर स्वतंत्र विवेचन आहे. मुले का येत नाहीत याची कारणे त्यात एकेक करून तपासली आहेत : काही मुले चंचल असतात, काहींना गुरुजींची भीती वाटते, काहींना शाळेत गोडी वाटत नाही, आणि काहींना आईवडीलच कामाला लावतात कारण घरात गरिबी आहे. प्रत्येक कारणाला उपाय निराळा सांगितला आहे. शिवाय वर्गातील काही मुलांवर एक जबाबदारी सोपवलेली असे. आपल्या गल्लीतील जे मूल आले नाही त्याच्या घरी जायचे, चौकशी करायची, आणि गुरुजींना कळवायचे. तीनशे वर्षांपूर्वीची ही व्यवस्था आहे. हजेरीपटावर फुली मारून मोकळे होणे त्यांना मान्य नव्हते.

आता आपल्या हजेरीपटाकडे येऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ चा; पहिली ते पाचवीसाठी त्यात वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. जे मूल दिवाळीला जाते आणि एप्रिलमध्ये येते, त्याच्या वाट्याला यातील निम्मेच दिवस येतात. आणि तो निम्माही कोणता? पहिल्या सत्रात अक्षरे, जोडाक्षरे, बेरीज होते. दुसऱ्या सत्रात सलग वाचन, हातच्याची वजाबाकी, पाढे, भागाकार. पुढच्या इयत्तेचा पाया दुसऱ्या सत्रात घातला जातो. दरवर्षी हाच भाग निसटला की मूल चौथीत जाते, पण त्याचे वाचन दुसरीतच राहते. मग त्याला शाळेची लाज वाटू लागते. पुढे तेच मूल स्वतःच्या नावाने उचल घेते. या साखळीत दोष त्याच्या बुद्धीचा नसतो.

फडावर मूल काय करते हे आपल्याला ठाऊक आहे. पहाटे आईवडील तोडीला गेले की कोपीवर थोरली मुलगी राहते. पाणी भरणे, भाकरी करणे, धाकट्याला सांभाळणे, वाढे गोळा करणे. दहा वर्षांची मुलगी घर चालवते. ‘ती शाळेत नाही, पण रिकामी तर नाही’ असे आपण म्हणतो, आणि खरेच, ती रिकामी नसते. तिची मेहनत कोणाच्या हिशेबात मात्र धरली जात नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरी त्या जोडीची.

तिकडे शाळेत याच काळात काय चालते? खरे तर प्राथमिक शाळेचे सगळ्यात आनंदाचे दिवस हेच. १४ नोव्हेंबरचा बालदिन. डिसेंबरात नाताळची तयारी : गोठा करणे, गाणी बसवणे, योसेफ कोण आणि मेंढपाळ कोण यावरून भांडणे. कॅथॉलिक शाळांतील नाताळच्या नाटिकेत निम्मे मेंढपाळ ख्रिस्ती नसतात, आणि त्यांचे आईबाप पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. ही मला त्या शाळांची फार मोठी गोष्ट वाटते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, जी आपल्या राज्यात बालिका दिन म्हणून साजरी होते. मग क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, २६ जानेवारीची प्रभातफेरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये उजळणी, वार्षिक परीक्षा, आणि १ मेच्या सुमारास निकाल. रोजचा परिपाठ, पाढे आणि दुपारची खिचडी हे तर चालूच असते.

स्नेहसंमेलनाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. भाड्याचे पोशाख, मोठमोठे स्पीकर, सिनेमाची गाणी, यांवर हल्ली जो खर्च होतो तो गरीब पालकाला न परवडणारा आहे. त्याहून वाईट म्हणजे जी मुले फडावर गेली, त्यांना वर्षभरात एकदाही रंगमंचावर उभे राहायला मिळत नाही. त्यांच्यासाठी पहिल्या सत्रातच एक छोटा कार्यक्रम ठेवायला काय हरकत आहे? सप्टेंबरात, मतमाउलीच्या सणाच्या सुमारास, सगळी मुले गावात असतात. धर्मशिक्षणाचेही तसेच आहे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारी नोव्हेंबर ते मार्च ठेवली तर ऊसतोड कुटुंबातील मूल दरवर्षी मागे राहणार. जून ते ऑक्टोबर हेच आपले धर्मशिक्षणाचे खरे वर्ष धरावे असे माझे मत आहे.

धर्मशिक्षणाबाबत आणखी एक मुद्दा. आपल्या संविधानाच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढून चालवण्याचा हक्क आहे. मात्र कलम २८ असेही सांगते की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणाही मुलाला, त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणूनच कॅथॉलिक शाळांत ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना मूल्यशिक्षण अशी विभागणी दिसते. आणि मूल कॅथॉलिक शाळेत नसेल, तर त्याचे धर्मशिक्षण शाळेबाहेर होईल हे पाहण्याची जबाबदारी कलम ७९८ पालकांवर टाकते. ‘आपल्या इथे सिस्टरांची शाळा नाही’ हे कारण तिथे चालत नाही.

शिक्षण हक्क कायद्यात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी काही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. मूल दुसऱ्या गावी गेले तर त्याला तिथल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मूल मागे पडले असेल तरी वयाप्रमाणे योग्य वर्गात बसवायचे आणि जास्तीचे शिकवून बरोबरीला आणायचे. आता यात एक खोच आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाचा मोठ्या पीठाने फेरविचार करावा असे म्हटले आहे. तोवर अर्थ असा, की एप्रिलमध्ये धूळभरल्या पायांनी परत आलेल्या मुलाला वर्गात घेण्याची सक्ती कॅथॉलिक शाळेवर कदाचित हा कायदा करणार नाही. पण वर सांगितलेली परिषदेची कसोटी तर करतेच. जिथे कायदा थांबतो तिथे आपली शाळा कॅथॉलिक आहे की नाही हे कळते.

पाचवीच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुन्हा परीक्षेची संधी मिळते, पण त्यातही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहते.

मग मुलाला न्यायचे की ठेवायचे? ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी शक्यतो ठेवावे. हंगामी वसतिगृहाची सोय शिक्षण विभागामार्फत अनेक गावांत होत आली आहे : मूल गावातच राहते, नातेवाइकांकडे झोपते, आणि जेवणाची व्यवस्था शाळेकडून होते. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे नाव आधी द्यावे लागते. टोळी निघाल्यावर दिलेले नाव उपयोगाचे नाही. याशिवाय २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची. आपले मूल तिथे बसते का याची चौकशी तालुक्याच्या ठिकाणी समाजकल्याण विभागाकडे करावी.

ज्यांना न्यावेच लागते त्यांना दोष देण्याचे काम या पानाचे नाही. सहा वर्षांचे लेकरू कोणाच्या भरवशावर ठेवावे, हा प्रश्न ज्याच्या घरी आहे त्यालाच त्याचे वजन कळते. त्यांनी एवढे करावे : जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटून आपण कोणत्या कारखान्याला, कोणत्या तालुक्यात जातो हे सांगावे आणि शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेत मूल बसवणे सोपे जाते. आधार कार्डाची प्रत आणि प्रगतीपुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यावे. कोपीत पाणी शिरते. पाठ्यपुस्तके भांड्यांच्या पोत्यात न्यायला विसरू नये. आणि फादरांकडून तिकडच्या चर्चचे नाव घ्यावे. अहिल्यानगर जिल्हा नाशिक धर्मप्रांतात आहे. पुणे आणि सातारा पुणे धर्मप्रांतात. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये वेगळा झाला तरी ख्रिस्तसभा सीमेवर संपत नाही. नाताळच्या रात्री जवळपास चर्च असूनही केवळ माहीत नाही म्हणून कोपीत बसून राहणारी कुटुंबे असतात.

आता वाचनाकडे वळू. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की देवाची आज्ञा मुलांना शिकवा, घरात बसलेले असताना आणि वाटेने चालतानाही, झोपताना आणि उठताना. हे ज्यांना सांगितले ते लोक तंबूत राहणारे, चाळीस वर्षे वाटेवर असलेले होते. त्यांच्यापाशी ना शाळा होती ना फळा. कोपीतील आईला हा उतारा गावातील कोणाहीपेक्षा जास्त जवळचा वाटावा. रात्री चुलीजवळ जपमाळेचे एक दशक, आणि त्यानंतर मुलाकडून पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचून घेणे. आईला स्वतःला वाचता येत नसेल तरी चालेल. मूल अडखळते की सरळ वाचते हे कानाला कळते.

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आढळतो. तो ऐकत असतो आणि प्रश्न विचारत असतो. आईवडील त्याला तीन दिवस शोधतात. शुभवर्तमानात पुढे तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि ज्ञानाने वाढत राहिला असे सांगितले आहे. योसेफ हातावर पोट असलेला सुतार होता, परमुलखात राहून आलेला होता, तरीही दरवर्षी ते यरुशलेमला जात, आणि हरवलेल्या मुलाला शोधायला तो एक दिवसाची वाट मागे फिरला.

कुटुंबात किंवा वाडीतील प्रार्थनासभेत बोलण्यासाठी : आपल्या वस्तीतून या हंगामात किती मुले जाणार आहेत, त्यांची नावे आपल्याला सांगता येतात का? त्यांपैकी कोणाला आपल्या घरी ठेवून घेता येईल? जी मागे राहतील, त्यांचा संध्याकाळचा अभ्यास कोण घेईल? आणि जे मूल नाताळच्या सुट्टीआधीच शाळेत दिसेनासे झाले, त्याच्या घरी चौकशीला कोण जाईल, याचे नाव आजच ठरवावे.