किटलीवरचे ओघळ आणि सुरूची राख

प्रश्न : मुंबईतल्या एका प्रदर्शनातून हाताने घडवलेली मातीची किटली घेतली. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, “हिला रंग दिलेला नाही, लाकडाच्या भट्टीत भाजली आहे.” पण तोटीच्या बाजूला हिरवट-तपकिरी चकचकीत ओघळ आहेत आणि मागची बाजू कोरडी, विटकरी. रंग नाही, तर हे आलं कुठून? किंमत इतकी का? आमच्या पालघर-बोईसर भागात एवढ्या वीटभट्ट्या असताना अशी किटली इथे का होत नाही? आणि ती गॅसवर ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, बोईसर

उत्तर : ताई, ते ओघळ राखेचे आहेत. लाकूड जळताना बारीक राख जाळाबरोबर भट्टीभर उडते आणि भांड्यांवर बसते. राखेत चुना आणि पोटॅश असतं, मातीत सिलिका. भट्टी १,२५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली की या सगळ्याची मिळून काच होते आणि भांड्यावरून ओघळते. तुमच्या किटलीची तोटी जाळाकडे होती, पाठ आडोशाला. मागचा विटकरी रंग मातीतल्या लोहाचा.

एवढा ताव चढवायला रात्रंदिवस सरपण घालत राहावं लागतं. मोठ्या भट्ट्यांना तर सलग काही दिवस. जपानमधलं बिझेन या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथे शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्यासोबत १९७१ मध्ये पाँडिचेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. आज भारतात लाकडावर भाजणारे जे स्टुडिओ कुंभार आहेत, त्यांतले कितीतरी तिथेच घडले. त्या भट्टीत जळायचं ते सुरूचं लाकूड. केळवे, शिरगाव, बोर्डीच्या किनाऱ्यावर आपण ज्याच्या सावलीला बसतो, तेच झाड.

आता वीटभट्ट्यांचं. वीट साधारण हजार अंशांच्या आत-बाहेर भाजली जाते आणि आपल्याकडची लोह भरपूर असलेली माती तेवढ्यात पक्की होते. त्यावर आणखी दोनशे-अडीचशे अंश चढवले, तर ती फुगते, वाकते आणि शेवटी वितळून बसते. म्हणून एवढ्या तावावर भाजलेली भांडी, म्हणजे स्टोनवेअर, करणारे जास्त ताव सोसणारी माती गुजरात-राजस्थानकडून आणतात. मात्र भांडं म्हणून जी माती उभी राहत नाही, तीच पातळ कालवून दुसऱ्या मातीच्या भांड्यावर लावली की वितळून काळसर तपकिरी झिलई देते. भाताच्या तुसाची राख म्हणजे बहुतांश सिलिका. झिलईत घातली की दुधी पांढरेपणा येतो. वाड्याच्या कोलम भाताचं तूस, वाऱ्याने पडलेलं सुरूचं लाकूड आणि विटांची माती हे सगळं या एका जिल्ह्यात मिळतं. इथल्या कुणा तरुण कुंभाराने त्यातून झिलई करून पाहावी, असं मला मनापासून वाटतं. कुंभार घरात जन्मलेल्या ब्रह्मदेव राम पंडितांनी तुमच्याच लोकलच्या मार्गावर, भाईंदरला, स्टोनवेअरमध्ये आयुष्य घातलं आणि त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे हे काम या पट्ट्याला परकं नाही.

किमतीचं कारण किटली हातात घेतली की कळेल. चाकावरच्या भांड्यांत हिच्याइतकं अवघड भांडं क्वचितच असेल. पोट, झाकण, तोटी, कान वेगवेगळे घडवायचे आणि अर्धवट सुकल्यावर जोडायचे. एकाची ओल दुसऱ्यापेक्षा कमी-जास्त असली की सुकताना सांध्यावर तडा जातो. तोटीचं तर फारच नाजूक. चाकावर ओढलेल्या मातीला पीळ बसतो आणि भट्टीत तो सरकतो, त्यामुळे सरळ कापलेलं तोंड भाजून तिरकं निघतं. जाणता कारागीर म्हणूनच ते आधीच उलट बाजूला तिरकं कापतो. तुमच्या तोटीचं तोंड सरळ दिसत असेल, तर त्यामागे हा अंदाज असणार. तोटीचं टोक पोटाच्या काठाखाली राहिलं, तर किटली भरायच्या आधीच चहा सांडायला लागतो. झाकणाला बारीक भोक नसेल, तर ओतताना धार अडखळते.

झाकण बहुधा किटलीवर ठेवूनच भाजतात. वाकायचं झालं तर दोन्ही एकत्र वाकावीत आणि एकमेकांना बसावीत. वितळलेल्या राखेने ते कायमचं चिकटू नये म्हणून मध्ये ॲल्युमिना मिसळलेल्या मातीच्या छोट्या गोळ्या ठेवतात. झाकण उलटं करून काठ निरखा, त्या गोळ्यांचे फिकट ठिपके बहुतेक सापडतील. एवढं करूनही प्रत्येक भट्टीत काही नग फुटतात, काही चिकटतात. त्यांचाही खर्च टिकलेल्या किटल्यांवरच पडतो.

गॅसवर मात्र अजिबात ठेवू नका. तळ एकदम तापतो, बाकीचं अंग थंड राहतं आणि किटली तडकते. आपला दुधाचा चहा पातेल्यातच उकळा, किटली गरम पाण्याने विसळून घ्या आणि मग गाळून ओता. गवती चहा-पुदिना असेल तर पानं थेट किटलीत टाकून वरून उकळतं पाणी घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा. आतून झिलई नसेल तर साबण लावू नका, नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि झाकण काढून वाळू द्या.