कॉम्प्रेसर घेताना टाकी नव्हे, हवा मोजा

प्रश्न : न्हावा शेवा बंदराजवळ ट्रेलर दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. भरवशाचा कॉम्प्रेसर कोणता?

उत्तर : टाकीचे लिटर किंवा मोटरचा एचपी पाहून निवड करू नका. कामाच्या दाबाला मिनिटाला प्रत्यक्ष किती हवा मिळते, म्हणजे एफएडी, ते विचारा. पिस्टन कॉम्प्रेसरवर छापलेलं डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन कागदावर जेवढी हवा ओढतो ती, त्याहून बरंच जास्त असतं. ट्रेलरच्या टायरला १०० पीएसआयच्या वर हवा लागते, म्हणून दोन टप्प्यांचं, बेल्टवर चालणारं यंत्रच घ्या. मोठी टाकी पुरेल, असं दुकानदार म्हणेल. पण टाकी हवा साठवते, तयार करत नाही. इम्पॅक्ट गन सलग चालली की टाकी रिकामी होते आणि मोटरला उसंत मिळत नाही. शिवाय खाडीकाठच्या दमट हवेत टाकीत पाणी साचून ती आतून गंजते, आणि गंजलेली टाकी दाबाखाली फुटू शकते. पाणी रोज काढाच.